घोडा, घोडी आणि घोडं : शब्दकोड्यासाठी मदत हवी

कोडेबाज, पुणे

सोसायटीच्या दिवाळी अंकाचं शब्दकोडं दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. यंदा अख्खं कोडं घोड्यावर रचायचं डोक्यात घेतलंय. बुद्धिबळातला अडीच घरं चालणारा घोडा, रंगाऱ्याची घोडी, घोडचूक, घोडनवरी, घोडेबाजार, कागदी घोडे, एवढं जमलंय.

दोन शंका आहेत. बंदुकीचा घोडा म्हणजे नक्की कुठला भाग? बातम्यांत ‘चाप ओढला’ही वाचतो आणि ‘घोडा दाबला’ही. दुसरं म्हणजे, घोडा आणि घोडी असताना वाक्प्रचारांत जिकडेतिकडे ‘घोडं’ का? घोडं अडतं, घोडं दामटतात, गंगेत घोडं न्हातं, वरातीमागून घोडं येतं. वर ‘मी काय तुझं घोडं मारलंय?’ आहेच. पुस्तकी उत्तर नको, घोड्याजवळ वावरलेलं कुणी असेल तर सांगा.

ठासणीवाला, राजापूर

घोडा वेगळा, चाप वेगळा. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. (निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, उरकली की परत आणायची.) नळीत दारू ओतायची, काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायची, मग छरे, पुन्हा बोळा. मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. केपेच्या मागे जो वाकडा लोखंडी तुकडा, तो घोडा. अंगठ्याने मागे ओढून अडकवला की घोडा चढवला म्हणायचं. खाली बोटाने ओढतात तो चाप. चाप ओढला की घोडा सुटतो आणि केपेवर आपटतो. म्हणून घोडा चढवतात आणि चाप ओढतात. ‘घोडा दाबला’ लिहिणाऱ्याने आमच्या रानडुकरांसमोर एकदा उभं राहून दाखवावं.

स्टेशनचा टांगा, मिरज

माझ्या वडिलांचा टांगा होता, मिरज स्टेशनवर. मी त्यावरच वाढलो, आता रिक्षा चालवतो. तेव्हा दुसऱ्या शंकेचं मी सांगतो.

आमच्या घरात ‘घोडा’ असं सहसा कुणी म्हणायचंच नाही. ‘घोडं सोड’, ‘घोडं पाण्यावर ने’, ‘घोडं लंगडतंय का बघ.’ जनावर नर आहे की मादी याला काही किंमत नव्हती. दावणीला घोडी असली तरी ‘घोडंच’. तट्टू, शिंगरू, वासरू, जनावर, सगळी त्याच लिंगातली. राबणारं ते घोडं. ‘घोडा’ कधी, तर कुणी विकायला आला की. ‘काठेवाडी घोडा आहे, पंचकल्याणी आहे, चारी पाय आणि कपाळ पांढरं बघून घ्या!’ पैसे मोजून दारात बांधला की दुसऱ्या दिवसापासून घोडं. म्हणींतलं घोडं हे असं गरिबाच्या दारातलं आहे, असं माझं मत.

आणि घोडं अडणं म्हणजे काय, ते रिक्षावाल्यांच्या आजच्या पिढीला नाही कळायचं. पुलाचा चढ लागला की आमचं एक तट्टू मध्येच उभं राहायचं. चाबूक मारला की पुढं जायच्याऐवजी मागं सरायचं. आत बसलेल्या बाया देवाचा धावा करायच्या. वडील शिवी देत नसत. खाली उतरायचे, त्याचा पुढचा एक पाय उचलून धरायचे आणि नालेवर दगडानं ठकठक करत बसायचे. त्याचं लक्ष पायाकडं गेलं की आपण अडलोय हेच ते विसरायचं. पाय खाली ठेवला की चालू! पुढं कचेरीत एखादं काम अडलं की मी आधी साहेबाच्या पायाकडं बघतो, पण तिथं नाल नसते.

‘कुठं घोडं पेंड खातंय’ याचा आमच्या वडिलांनी लावलेला अर्थ मात्र कोशात सापडणार नाही. घोड्याचा खुराक म्हणजे चंदी, भिजवलेला हरभरा. पेंड म्हशीला. वडील म्हणायचे, घोडं पेंड खाताना दिसलं की समजायचं मालकाच्या खिशात हरभऱ्याचे पैसे नाहीत, अडचण तिथं आहे.

घोड्याच्या सामानातूनही शब्द घ्या की. खोगिरात चिंध्या-गवत काय वाटेल ते कोंबतात, ती खोगीरभरती. तोंडाला चंदीची पिशवी बांधतात तो तोबरा, आता पानाचाही भरतात. डोळ्यांना लावायची ती झापडं. हे सगळे शब्द माणसांनाच लागू पडतात, घोडी कमी झाली तरी.

घोडबंदरवासी, ठाणे

घोडबंदर घ्या. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर गाड्या काय, घोडं आणलं तरी अडेल. शिरूरकडून घोडनदीही घ्या, नदीही तीच आणि गावालाही लोक तेच म्हणतात.

आलापी

कोडेबाज, घोडनवरी काढून टाका. लग्नाचं वय ‘उलटलेली’ मुलगी घोड झाली आणि पन्नाशीत बोहल्यावर चढणारा घोडनवरा बोलण्यात कधी ऐकलाय? सोसायटीत चार मुली आहेत ना, त्या सोडवणार तुमचं कोडं.

आणि मिरजकर, तुम्ही मिरजेचे असून तंबोऱ्याची घोडी विसरलात? तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, आडवी बसवलेली असते, तिच्यावरून तारा जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून तो केसभर पुढेमागे सरकवत बसायचं, मग एका जागी तार भरून बोलायला लागते. ती जवारी. तुमच्या गावच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तुम्ही पुलाच्या चढावर अडलाय!

तापीकाठ, शहादा

विकायचा ‘घोडा’ बघायला दत्तजयंतीला आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेला या. तिथे ‘घोडं केवढ्याला?’ विचारलंत तर व्यापारी मान वळवेल. आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघायचे, खोड बघायची, चाल बघायची, मग भाव. टांगेवाल्यांशी सहमत, फक्त ‘घोडामैदान जवळच आहे’ यात घोडा आहे, त्याचं काय?

स्टेशनचा टांगा, मिरज

मैदानात उतरवायचा म्हटल्यावर घोडाच की! तिथं मिशीला पीळ आहे. कागदी घोडे नाचवणारेही रुबाबच दाखवत असतात, म्हणून तेही घोडे. माझं म्हणणं कष्टाच्या आणि कटकटीच्या घोड्याबद्दल आहे.

आणि याच्याही वर एक पायरी आहे. आळंदीच्या पालखीबरोबर शितोळे सरकारांचे घोडे बेळगावकडच्या अंकलीहून येतात. रिंगणात एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा पळतो, आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्याला वारीत घोडं तर सोडाच, घोडासुद्धा कुणी म्हणणार नाही. तो माउलींचा अश्व.

तंबोऱ्याबद्दल ताईंचं बरोबर. सतारमेकर गल्लीत कितीतरी सवाऱ्या सोडल्यात. तंबोऱ्याला लागणारे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे घेऊन लोक स्टेशनवर उतरायचे, टांग्यात माणसाला जागा उरायची नाही.

कोडेबाज, पुणे

घोडनवरी काढली. तिची पाच घरं ‘अडेलतट्टू’ला दिली, नेमकी बसतात. बंदुकीच्या घोड्याला सूत्र केलंय : ‘चढवतात याला, ओढतात चापाला (2)’. खोगीरभरतीला सहा घरं हवीत, ती उभी टाकतोय. आडवा 4 तीन अक्षरी आहे, शेवट ‘रा’, अजून रिकामा.

स्टेशनचा टांगा, मिरज

खरारा टाका, घोड्याचं अंग घासून साफ करतात तो. रोज सकाळी मीच करायचो. तोबराही बसतोय, पण तो अर्धी सोसायटी पानपट्टीवरून ओळखेल.