मदत हवी आहे: नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सआधी आयसीयू की ओपीडी?
सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पुढे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः तपासून, निदान करून औषधं लिहिणारी नर्स) व्हायचंय, म्हणजे मधुमेह, बीपी, थायरॉईडचे पेशंट वर्षानुवर्षं बघायचे. सीनियर म्हणतात, आधी आयसीयू कर. व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), इनोट्रोप्स (हृदयाचे ठोके जोरकस करणारी औषधं) यांवर हात बसेल हे मान्य; पण एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बघून गोळी वाढवायची की नाही, हे तिथे शिकायला मिळेल? ओपीडीत बदली मागितली, तर ‘नुसतं बीपी मोजत बसशील’ असं ऐकवलं. (अक्यूट केअरला, म्हणजे गंभीर पेशंटकडे, जायचं असतं तर प्रश्नच नव्हता.) नोकरी सोडता येणार नाही, नाइट चालतील. प्रवेशाच्या अटी माहीत आहेत, त्या विचारत नाहीये. वॉर्डातून थेट या कोर्सला गेलेल्यांनी सांगा: क्लिनिकल पोस्टिंगमध्ये नेमकं काय कमी पडलं, हिस्टरी-तपासणी, निदान की औषधं लिहिणं?