शब्दचर्चा : बावळट, वेंधळा, भिडस्त की नुसतंच ध्यान?

मलपृष्ठ :
विनोदी कुमार-कादंबरी आहे. नायक आठवीत, शाळा नवीन, पोरगं कुठेच न मावणारं. शेवटी शेवटी 'आपण हे असेच' एवढं त्याला पटतं. मलपृष्ठाच्या मजकुराचा पहिला खर्डा असा : "न्यूनगंडाने ग्रासलेल्या, पौगंडावस्थेतील एका उपऱ्या मुलाचा आत्मस्वीकाराकडे होणारा विनोदी प्रवास." हे वाचून एकही पोर पुस्तक उघडणार नाही. 'ऑकवर्ड' आणि 'आउटसायडर' या दोघांसाठी बोलण्यातला शब्द हवा आहे.

कोशकिडा :
आधी काय काढायचं ते बघू.

'पौगंड' काढा. जुन्या संस्कृत श्लोकाच्या हिशेबाने कौमार 5 वर्षांपर्यंत, पौगंड 10 पर्यंत आणि कैशोर 15 पर्यंत. म्हणजे आठवीतला मुलगा पौगंड कधीच ओलांडून गेलेला. मराठीने तो शब्द वर सरकवला आणि आता तो आरोग्यपुस्तिकेतल्या धड्यासारखा वाटतो. शिवाय शेजारी 'न्यूनगंड', म्हणजे एका ओळीत दोन गंड. 'किशोर' चालेल; बालभारतीचं मासिक 1971 पासून त्याच नावाने निघतंय, कान सरावलेला आहे. पण सगळ्यात बरं म्हणजे 'आठवीतला'. इयत्ता सांगितली की वय, बाक, चाचणी परीक्षा आणि फुटू पाहणारं मिसरूड, सगळं आलं. (टीनएज तेराला सुरू होतं ते इंग्रजी आकड्यांच्या शेपटामुळे. आपल्या आकड्यांचं ऐकायचं तर अकरा ते अठरा असा गट पडतो. एकोणीस केव्हाच विशीला जाऊन चिकटलाय.)

'उपरा' तर मुळीच नको. लक्ष्मण माने यांचं त्या नावाचं आत्मकथन 1980 मध्ये आलं, त्याला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून त्या शब्दामागे कैकाडी समाजाचं पाठीवरचं बिऱ्हाड उभं आहे. मधल्या सुट्टीत डबा खायला सोबत नाही, एवढ्यासाठी तो शब्द खर्चू नये. 'वाळीत टाकलेला' याचंही तेच. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे, त्यात 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलेल्या पोराला एवढा जड शब्द पेलत नाही.

शाळेतला शब्द साधा आहे : 'घेत नाहीत'. "त्याला कुणी घेत नाही." खेळायला, डब्याला, प्रोजेक्टच्या गटात, कशालाच. यात 'आउटसायडर' पुरता येतो.

आठवी-ब :
आता 'ऑकवर्ड'कडे. बावळट, वेंधळा, धांदरट, गबाळा हे शब्द लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरतात, आणि विनोद तिथेच पातळ होतो. कारण प्रत्येकाची चूक वेगळ्या जातीची असते. एकच प्रसंग घ्या : नवीन वर्ग, बाईंनी नाव विचारलं.

धांदरट मुलगा उठताना पुढच्या बाकावरची पाण्याची बाटली पाडतो. त्याला घाई नडते. 'धांदल' त्या शब्दातच आहे. वेंधळा बाटली पाडत नाही, तो आपल्या नावापुढे जुन्या शाळेतला हजेरी क्रमांक सांगतो, कारण लक्ष भलतीकडे. गबाळ्याची बटणं एक घर चुकलेली असतात आणि ते त्याच्या गावीही नसतं. बुजरा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटतो, पहिल्या दोन बाकांनाही ऐकू जात नाही. बावळट विचारतो, "माझं?"

आणि भिडस्त? त्याने नाव नीट सांगितलेलं असतं, निनाद. बाईंनी ऐकलं विनोद. भिडेपोटी तो काही बोलत नाही आणि वर्षभर विनोद म्हणून हाक ऐकून घेतो.

विनोदी कादंबरीला मला शेवटचा जास्त चालणारा वाटतो. धांदरटाचा विनोद पडापडीचा. तिसऱ्या प्रकरणापर्यंत बाटल्या संपतात. भिडस्ताची एक गप्पगिरी झाकायला दुसरी करावी लागते, दुसरीसाठी तिसरी. गोष्ट आपोआप पुढे सरकते.

मुद्रितशोधक :
त्यात एक भोक आहे. वर्गशिक्षिकेच्या हातात हजेरीपट असतो, त्यावर नाव बरोबरच असणार. चूक पी.टी.च्या सरांकडून किंवा बदली तासाला आलेल्या बाईंकडून व्हायला हवी. म्हणजे मैदानावर विनोद आणि वर्गात निनाद अशी दोन नावं चालतील. स्नेहसंमेलनात दोन्ही शिक्षक एकाच रंगमंचावर येईपर्यंत कुणाला पत्ता लागायला नको.

कोशकिडा :
थोडं शब्दांच्या घडणीबद्दल, कारण सौम्य कोणता आणि बोचरा कोणता हे त्यावरून कळतं.

'बावळा' हा 'वातुल'पासून, म्हणजे वाताने डोकं फिरलेला. पण त्याला 'ट' लागला की धार कमी होते. पिवळट म्हणजे पुरतं पिवळं नव्हे, हिरवट म्हणजे पुरतं हिरवं नव्हे. त्याच चालीवर बावळट, भोळसट, वेडपट. म्हणून "बावळटासारखं काय बघतोस" हे घरातही चालतं. 'अजागळ' मात्र क्रूर आहे. शेळीच्या गळ्याशी लोंबणारी निरुपयोगी आचळं, ती अजागलस्तन. बिनकामाचं लोंबतं, असा त्या शिवीचा उगम. कपड्यांबद्दल असेल तर 'गबाळा'वर भागवा. 'बुजरा' गुराढोरांकडून आलेला. बैल बुजतो, घोडा बुजतो. पाखरांना बुजवतं ते बुजगावणं. बुजऱ्याला समोर अनोळखी कुणीतरी लागतं, घरी तोच मुलगा भावाच्या उरावर बसलेला सापडेल. 'घुमा' निराळा, तो घरीही बोलत नाही. 'एकलकोंडा' आपणहून एकटा राहतो, त्यामुळे तुमच्या नायकाला तो शब्द लागू नाही. याला तर गटात जायचंय.

'शामळू' आणि 'नेभळट' कुणाच्या तोंडी घालायचे असतील तर त्रास देणाऱ्या पोराच्याच घाला, निवेदकाच्या नको. त्या दोन्हींत 'हा पुरुषासारखा नाही' असा टोमणा दडलाय, आणि निवेदकच तो मारायला लागला तर वाचक कुणाच्या बाजूने उभा राहणार?

विवेकी :
'आत्मस्वीकार'बद्दल. हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकात योग्य आहे, कारण तिथे तो 'आत्मप्रतिष्ठे'पासून वेगळा काढायचा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला आणि मराठी वाचकांपर्यंत तो कि. मो. फडके यांनी पोचवला. एलिस यांचं म्हणणं असं, की आत्मप्रतिष्ठा अटीवर मिळते : पहिला आलो म्हणून मी चांगला. तर मग नापास झालो की वाईट. स्वीकाराला अट नाही. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका.

मराठीत ही सोय व्याकरणातच आहे. "मी बावळट आहे" आणि "मी बावळटपणा केला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कादंबरीभर पोरगं पहिलं म्हणतंय आणि कुठेतरी सहज दुसरं म्हणून गेलं, तर बदल तिथे झाला. त्यावर निवेदकाने भाष्य करू नये.

एलिस यांचे लाज मोडायचे गृहपाठ तर विनोदी लेखकाला आयतेच सापडलेत. आगगाडीत प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्याने पुकारायचं. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं फिरवायचं. लोक बघतात, हसतात, आणि आपलं काही बिघडत नाही हे अनुभवायचं. मात्र इथे एक घोळ नेहमी होतो. लेखक नायकाला लोकांसमोर उभं करतो आणि शेवटी टाळ्या मिळवून देतो. टाळ्या मिळाल्या की ती पुन्हा अटच झाली. केळं फिरवून झाल्यावर कुणी टाळी वाजवायची नाही, फार तर एखाद्या कुत्र्याने भुंकावं.

सातारी कंदी :
सगळे विशेषणं शोधताय, आणि घराघरात चालणारं नाम राहिलंच की. 'ध्यान'. "काय ध्यान आहे!" "आलं बघा ध्यान."

देवाच्या मूर्तीचं ध्यान ते हेच. डोळ्यांपुढे आणायचं रूप. तेच आत्याच्या तोंडी आलं की उलटी टोपी आणि एकाच पायात मोजा घातलेला भाचा. शब्दात टिंगल आहे, पण समोरचा डोळे भरून बघतोय हेही आहे. शिवाय नपुंसकलिंगी. आमच्याकडे "तो येडा आहे" म्हटलं तर भांडण, "येडं आहे ते" म्हटलं तर माया. "खुळं कुठलं" यात शिवी शोधून सापडणार नाही. वऱ्हाडात 'बह्याड' ऐकाल, पण तो गावाबाहेर नेला की निम्म्या वाचकांना कळत नाही. 'ध्यान' सगळीकडे चालतं.

आठवी-ब :
'ध्यान' आत्याला आणि आईला. वर्गातली पोरं हा शब्द वापरणार नाहीत. ती "ऑकवर्ड झालं" म्हणतात, आणि ते तसंच ठेवा. रचना पूर्ण मराठी आहे : मला कसंनुसं झालं, मला कानकोंडं झालं, मला ऑकवर्ड झालं. आपल्याकडे हा प्रकार माणसाला *होतो*, थंडी वाजते तसा. म्हणून 'ऑकवर्ड मुलगा' याला एका शब्दाचा प्रतिशब्द शोधत बसलं की गाडी अडते. हसण्याला 'कसंनुसं' लावा, चारचौघांत विषय भलतीकडे गेला की 'कानकोंडं', आणि ठरवलेलं सगळ्यांसमोर फसलं की 'पचका'.

मुद्रितशोधक :
'अवघडलेला' कुणी सुचवायच्या आत : मुलासाठी चालेल, जरा पुस्तकी आहे. नायिका असती तर सपशेल अडचण, कारण 'अवघडलेली' म्हटलं की दिवस भरत आलेली बाई डोळ्यांपुढे येते. मुलीसाठी 'संकोचलेली' किंवा 'बावरलेली'.

मलपृष्ठ :
दुसरा खर्डा : "आठवीतल्या निनादला कुणी घेत नाही. मैदानावर तर त्याचं नावही कुणाला नीट माहीत नाही. सांगायचं तर आता फार उशीर झालाय, आणि न सांगावं तर स्नेहसंमेलन शनिवारी आहे." 'आत्मस्वीकार' गेला, 'प्रवास' गेला. शीर्षक 'ध्यान' ठेवायच्या विचारात आहे. लिंगाची पंचाईत होईल का?

मुद्रितशोधक :
निनादसाठी नाही. "ध्यान आलं आणि त्याने दप्तर टाकलं" यात सांधा दिसतच नाही, कारण त्याने, त्याला, त्याचा ही रूपं पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी सारखीच. बदल फक्त 'तो'/'ते' आणि क्रियापदात, तेवढा एका परिच्छेदात एकच ठेवा. एक धोका : नुसतं 'ध्यान' दिसलं तर दुकानदार पुस्तक योगासनांच्या फळीवर ठेवेल. 'आलं ध्यान!' करा, उद्गारचिन्हासकट. 'आलं'वरचा अनुस्वार मुखपृष्ठकाराकडून सुटणार नाही एवढं बघा.