मानसशास्त्र-समाजशास्त्राला गणित अन् कॉम्प्युटर मॉडेल लावावं का? मत सांगा

मांजराकाठ, लातूर

आमच्याकडं मानसशास्त्र नाहीतर समाजशास्त्र घेणाऱ्या पोरांना विचारलं की हाच विषय का, तर बरेच जण सरळ सांगतात, यात गणित नाही म्हणून. मग एमएच्या शेवटी प्रोजेक्ट आला की शंभरेक फॉर्म भरून घ्यायचे, कुणाला तरी पैसे देऊन एसपीएसएसवर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी, काढून घ्यायची अन् 'फरक सार्थ आहे', म्हणजे नुसत्या योगायोगानं एवढा फरक येणं अवघड, असं लिहून बाइंडिंग करून टाकायचं. सार्थ म्हणजे काय ते पोराला माहीत नसतं, कधी कधी गाईडला पण नसतं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण पोरं हुशार हायेत.

माझं म्हणणं, या विषयांत गणित पहिल्या वर्षापासून पाहिजे, अन् नुसतं सरासरी-टक्केवारी नाही तर मॉडेल बांधणं, म्हणजे माणसं कशी वागतात याचे नियम नेमके लिहून त्यातून काय होतं ते चालवून बघणं. हे काय आजचं फॅड नाही, जर्मनीतल्या फेखनरनं १८६० मध्ये संवेदनेला सूत्र लावलं, तिथल्याच मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून माणूस पाठ केलेलं किती वेगानं विसरतो ते मांडलं. पण मला सगळ्यात पटलेलं काम अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंगचं, १९७१ चं, वस्त्या वेगळ्या कशा होतात त्यावरचं. चौकटीच्या कागदावर दोन प्रकारची नाणी पसरायची, काही घरं मोकळी सोडायची. नियम एकच, आजूबाजूच्या आठ घरांत जे शेजारी असतील त्यातले साधारण एक तृतीयांश आपल्यासारखे असले की नाणं खुश, नसले तर उठून मोकळ्या घरात जाणार. म्हणजे बाकी सगळे शेजारी वेगळे असले तरी कुणाची हरकत नाही. तरी थोड्या वेळात कागदावर इकडं एक रंग तिकडं एक रंग अशी फाळणी होते. घरोघरी मुलाखती घेतल्या तर प्रत्येक जण म्हणेल मला मिसळून राहायला चालतं, अन् तो खरंच बोलत असेल, तरी वस्ती फाटलेली. हे मुलाखतीतून कसं सापडणार? एक अन् दोन रुपयांची नाणी घेऊन बीएच्या वर्गात करता येतं, कॉम्प्युटर पण लागत नाही.

बालाघाटी, बीड

सर, शेलिंग मी पण वाचलाय, अन् अडचण तिथूनच सुरू होते. आपल्या कुठल्याही जुन्या गावात जा, दलित वस्ती गावकुसाबाहेर कशी गेली ते नाणी सरकवून कळणार हाय का? ती कुणाच्या आवडीनिवडीनं गेली नाही, बसवलेली हाय. आज शहरात रूम बघायला गेलेल्या पोराला आधी आडनाव विचारतात अन् मग 'कालच दिली' म्हणतात. शेलिंगच्या कागदावर घर मोकळं दिसलं की नाणं जाऊन बसतं, आपल्याकडं घर मोकळं असून मिळत नाही. त्यानं स्वतः सांगून ठेवलंय की संघटितपणे केलेला भेदभाव अन् आर्थिक कारणं मी बाजूला ठेवतोय, पण शिकवताना ते गळतं अन् पोरं एवढंच घेऊन जातात की कुणाचाच दोष नाही, आपोआप झालं. मला हे धोक्याचं वाटतं.

दुसरं, मॉडेलला आकडा लागतो अन् आकडा कुठून येतो ते बघा. ऊसतोड कुटुंबांच्या सर्वेला मी जात असतो. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ (जवळपास रोज त्रास असला तर ३), एकूण २७, अन् १० झाले की पुढं तपासणी. कोपीपुढं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीपुढं, बसून एका मावशीला विचारलं, झोपेचा त्रास किती दिवस? म्हणली रोजच, रात्री गाडी भरायला उठावं लागतं. थकवा? रोजच. भूक? पहाटं बांधून नेलेली भाकरी दुपारी गार झाली की घशाखाली जात नाही, रोजचंच. झाले की ९ मार्क! मनाबद्दल अजून एक अक्षर विचारलं नाही अन् बाई १० च्या उंबऱ्यावर. आता हा आकडा घेऊन तुम्ही कितीही भारी मॉडेल बांधा, तुम्ही मोजलं काय, मन का मजुरी?

आकडेवाली, नांदेड

बालाघाटी दादा, तुमचं उदाहरण एकदम खरंय पण तुम्ही त्यातून काढलेला अर्थ मला उलटा वाटतो, कारण नेमकी हीच चूक पकडायला गणित हाय. आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणून प्रकार असतो, त्यात प्रत्येक प्रश्न वेगळा तपासतात. समजा एक फडावरची, म्हणजे उसाच्या रानात तोडणीला जाणारी, बाई अन् एक ऑफिसातली बाई, दोघींची उदासी सारखीच, तरी झोपेच्या प्रश्नाला फडावरची जास्त मार्क घेत असेल तर तो प्रश्न त्या दोन गटांत सारखा चालत नाही हे आकड्यातून दिसतं. मग तो काढा, बदला, नाहीतर त्याचं वजन वेगळं धरा. तुम्हाला कोपीपुढं जे जाणवलं ते हजार फॉर्मवर सिद्ध करायचं असेल तर दुसरा रस्ता कोणता?

बालाघाटी, बीड

ताई, मान्य. पण ही तपासणी करायची हे सुचायला कुणीतरी कोपीपुढं बसावं लागतं, सॉफ्टवेअर आपणहून विचारत नाही की गाडी किती वाजता भरतात.

अन् भाकितांचं काय? अमेरिकेत एक मोठी स्पर्धा झाली, २०२० मध्ये तिचा पेपर आला. चार हजारांवर कुटुंबांची मुलाच्या जन्मापासूनची माहिती, १२ हजारांच्या वर चल (व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येकाची नोंदलेली एकेक गोष्ट), १६० टीम, अन् सांगायचं एवढंच की पोराचं पंधराव्या वर्षी कसं चाललंय, शाळेतले मार्क, घरची तंगी वगैरे. सगळ्यात भारी मॉडेल सुद्धा चारच चल घेतलेल्या साध्या मॉडेलपेक्षा जरासंच पुढं गेलं. एवढी माहिती असून ही गत, अन् आपल्याकडं लोक ॲप घेऊन येतात की कोणता शेतकरी आत्महत्या करणार ते आधीच सांगतो म्हणून.

आकडेवाली, नांदेड

त्या ॲपवाल्यांना पण गणितानंच अडवता येतं. धरा, एक लाख शेतकरी, त्यातले २० जण वर्षात जीव देणार. मॉडेल दोन्हीकडून ९० टक्के बरोबर, म्हणजे लई चांगलं धरू. २० पैकी १८ सापडले. पण राहिलेल्या ९९,९८० मधले १० टक्के, म्हणजे जवळपास दहा हजार लोक, विनाकारण यादीत आले! यादीतल्या साडेपाचशे माणसांमागं एक खरा. एवढं गणित तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना आलं तर असलं ॲप कुणी विकत घेणार नाही. गणित काढून टाकलं तर विकणाऱ्याचंच फावतं.

मांजराकाठ, लातूर

मला तेच म्हणायचं होतं. बालाघाटी, गावकुसाचं तुमचं म्हणणं मी मनावर घेतलंय, पण बघा, शेलिंगनं काय धरलं अन् काय सोडलं हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं, कारण नियम कागदावर हाय. शब्दांतल्या सिद्धांतात असं काय सोडलंय ते सापडायलाच पिढी जाते. घरमालकाचा नकार हा नियम घाला, घर मोकळं पण अमुक नाण्याला बंद. मग एकेक घर उघडत जा, बघा किती घरं उघडली की फाळणी मोडायला लागते. आंदोलनाच्या कामाचा प्रश्न हाय हा.

अन् मॉडेल नको म्हणून सुटका कुठाय? पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, काय हाय मग? नमुन्याचे प्लॉट, पीककापणी, प्रमाण उत्पन्नाशी तुलना, अन् ५० पैशाच्या खाली आली तर सवलती. ते पण मॉडेलच, आपल्या पोरांना ते वाचता येत नाही म्हणून ते तपासत कुणी नाही.

दुधनाकाठची, परभणी

मी एमए सेकंड इयर समाजशास्त्र. दहावीनंतर गणिताला हात लावला नाही. ऊसतोडीतल्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशावर, प्रोजेक्ट करायचाय, मॉडेल करता येईल का?

मांजराकाठ, लातूर

येईल की. एक्सेलमध्ये सुरू कर. सुरुवातीची उचल, टनामागं मजुरी, दिवसाला किती टन, खाड्याचा (कामावर न गेलेल्या दिवसाचा) दंड, मुकादमाचं (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचं) कमिशन. प्रत्येक कुटुंब एक एजंट, म्हणजे शेलिंगच्या नाण्यासारखं नियमानं चालणारं एक पात्र, धर अन् पाच हंगाम चालवून बघ, किती आजारपण आलं की उचल फिटत नाही अन् पुढच्या वर्षावर जाते ते दिसेल.

बालाघाटी, बीड

कुटुंब एक एजंट धरू नको पोरी. उचल कोयत्यावर म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते, पैसे बहुतेक नवरा घेतो, फेडतात दोघं. बाई आजारी पडली तर नुसती तिची मजुरी जात नाही, जोडीचा खाडा पडतो, म्हणून ती दुखणं अंगावर काढते, पाळीत सुद्धा फडात जाते. बीडमध्ये या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण एवढं वाढलेलं की २०१९ ला सरकारला समिती नेमावी लागली. कुटुंब एक धरलं तर हे सगळं तुझ्या एक्सेलमध्ये एका घरात मावेल अन् दिसणार नाही.

आकडेवाली, नांदेड

मग दोन एजंट, कर्ज एक, अन् ठरवणारा वेगळा. बाईच्या दुखण्याचा कॉलम वेगळा ठेव, त्यात फडात गेली का घरी राहिली ते पण लिही. दादा, खाडा दिवसाला किती कापतात ते मुकादमागणिक बदलतं का? तिला तो आकडा पहिला लागेल.

बालाघाटी, बीड

बदलतो, अन् मुकादमाला विचारून खरा कळत नाही. बायकांना विचार, हिशोब त्यांना तोंडपाठ असतो.