इंग्रजीतून मास्टर्स, जर्मनीत नोकरी: 'जर्मन लागत नाही' असं सांगणं बंद करा

नेकारकाठी

चौदा वर्षं श्टुटगार्टला आहे, गाड्यांच्या धंद्यात. दर वर्षी प्रवेशपत्रं यायला लागली की ओळखीच्या-अनोळखी पालकांचे, मुलांचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "काका, कोर्स पूर्ण इंग्रजीतून आहे, मग जर्मन कशाला?"

मागच्या महिन्यात साताऱ्याकडचा एक मुलगा घरी आला. मास्टर्स झालंय, अथपासून इतिपर्यंत इंग्रजीतून, मार्कही चांगले. पदवीनंतर नोकरी शोधायला इथे १८ महिने मिळतात, त्यातले तेरा उलटलेत. पोहे खाताखाता म्हटलं, चल, खोटीखोटी मुलाखत घेऊ. "एर्त्सेलन झी माल एत्वास युबर झिश." स्वतःबद्दल काहीतरी सांगा, एवढंच. "इश कोमे आउस इंडियन" म्हणाला आणि पुढे पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसला. (बायकोने आतून डोळे वटारले, तो भाग वेगळा.)

हुशार मुलगा आहे हो. पण दोन वर्षं वर्ग इंग्रजी, होस्टेल भारतीय, स्वयंपाक सोलापूर-सातारा-हैदराबाद असा मिळून. जर्मन शिरायला फटच कुठे होती? मोटारींचा धंदा तेजीत होता तेव्हा अशी मुलं खपून जात. आता दहा अर्ज आले की आधी भाषेवर कात्री चालते.

२०२२-२३ पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय संख्येने पहिले आहेत. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात आकडा ४९ हजारांवर गेला. यातले बहुतेक इंग्रजी कोर्सला. माझं म्हणणं सरळ आहे: विद्यापीठांनी प्रवेशालाच ए२ मागावं आणि बी१ झाल्याशिवाय डिग्री हातात देऊ नये (ए१, ए२, बी१ या जर्मन येण्याच्या चढत्या पायऱ्या). हे जमत नसेल तर इंग्रजी कोर्स बंद केले तरी चालतील. निदान फसवणूक तरी थांबेल.

सोलापुरी_चादर

काका, पोहे आवडले, मत नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हायव्हाला सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला, उत्तर येत होतं, तोंडातून एक शब्द फुटला नाही. तुमच्या त्या साताऱ्याच्या मुलाचं झालं ना, तेच. फक्त माझं ते अठराव्या वर्षी झालं आणि इंग्रजीत झालं. तुम्ही लोक इंग्रजी म्हणजे सोपी वाट म्हणता तेव्हा हसू येतं. आमच्यासाठी इंग्रजी हीच पहिली परकी भाषा. ती चार वर्षं घासून कमावली, तिच्या जोरावर २०१७ मध्ये माग्डेबुर्गला आले. तेव्हा तुमची ए२ची अट असती तर? ए२साठी पुण्यात राहायचं म्हणजे रूम, मेस, क्लासची फी आणि वर्षभर बिनपगारी. वडील एसटीत मेकॅनिक. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ८,६४० युरो उभे करायलाच प्लॉट तारण ठेवला होता. (आता ते ११,९०४ झालेत. म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आणि हे निघण्याआधीच भरायचे.)

जर्मन मी इथे येऊन शिकले. बेकरीत, पहाटे पाचच्या शिफ्टला. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकांचे आकडे कळायचे नाहीत. 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिग' म्हणजे पाच आणि वीस, मी बावन्न समजून पैसे मागितले. म्हातारी मालकीण वैतागली. मग एका रात्री डोक्यात उजेड पडला की अगं, हे तर आपलं 'पंचवीस'च आहे! पाच आधी, वीस मागून. इंग्रजीतून भाषांतर करत होते म्हणून अडत होते, थेट मराठीतून केलं तेव्हा सुटलं. सहा महिन्यांत मालकीण मला गल्ल्यावर एकटीला सोडून जायला लागली.

आज ड्रेस्डेनला चिप डिझाइनमध्ये आहे. ऑफिसची भाषा इंग्रजी. इंग्रजी कोर्स नसता तर मी सोलापुरातच असते.

पेठेतले_अण्णा

इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. कोण होता तेव्हा इंग्रजी कोर्स काढून बसलेला? भाषा शिकल्या, प्रबंध जर्मनमध्ये लिहिला. आमच्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, इतकी सोय देशात दुसरीकडे कुठे आहे? आजच्या मुलांना व्हिसा हवा, पगार हवा, भाषा तेवढी नको.

सोलापुरी_चादर

अण्णा, 'आमच्या पुण्यात' यातच सगळं आलं.

चौऱ्याण्णव_मार्क

अण्णा, पुण्याची सोय मी भोगली आहे, ऐका. अकरावी-बारावीला जर्मन घेतलं. कशाला, तर मार्क पडतात म्हणून. मराठीला पंचाहत्तर पडले असते, जर्मनला चौऱ्याण्णव पडले. डेर-डी-डासचे, म्हणजे जर्मन नामांच्या तीन लिंगांचे, तक्ते आजही झोपेत म्हणेन. पण फ्रँकफर्ट स्टेशनवर उतरलो, भोंग्यावर काहीतरी घोषणा झाली, फलाटावरची सगळी माणसं बॅगा उचलून दुसऱ्या फलाटाकडे पळाली आणि मी चौऱ्याण्णव मार्कांसकट तिथेच उभा. तेव्हा प्रमाणपत्राची अट घातली की भाषा येते, हा भ्रम नेकारकाठींनी सोडावा. अट घातली की क्लासवाले ए२च्या गाइड काढतील, पोरं पाठ करून पास होतील.

नेकारकाठी

@सोलापुरी_चादर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! तुम्हाला जर्मन आलं ते बेकरीमुळे, विद्यापीठामुळे नाही. विद्यापीठाने काय केलं? संध्याकाळी साडेसहाचा एक ऐच्छिक वर्ग, त्यालाही प्रतीक्षायादी, क्रेडिट शून्य. ज्याला चार विषयांच्या परीक्षा आहेत तो बिनक्रेडिटच्या वर्गाला का बसेल?

आणि तुम्ही चिपमध्ये आहात. तिथे इंग्रजी चालते. सिव्हिलवाल्याने काय करायचं? साइटवरचा मुकादम इंग्रजीत बोलणार आहे का?

तिसरा_मजला

सध्या इथेच शिकतोय, आखेनला. नोकरीचं नंतर बघू, मी आजचं सांगतो.

आमच्या फ्लॅटवर दर काही दिवसांनी एक पत्र यायचं. सरकारी दिसायचं पण वर कसलीशी रेडिओबिडिओची खूण. आम्ही तिघे म्हणालो, जाहिरात असेल, आमच्याकडे टीव्हीच नाही. कचऱ्यात. ती होती रुंडफुंकबायट्रागची, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी. घरामागे महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. शेवटी वर्षभराची थकबाकी दंडासकट एकदम आली. गंमत म्हणजे तिघांच्या खिशात फोन, फोनवर भाषांतराचं ॲप. पण ॲप लावायला आधी पत्र महत्त्वाचं आहे हे कळावं लागतं ना.

तेव्हापासून घरात नियम आहे: पत्र उघडल्याशिवाय टाकायचं नाही, आणि पिवळं पाकीट आलं तर त्याच दिवशी जर्मन येणाऱ्या कोणाला तरी दाखवायचं. पिवळ्या पाकिटातून कोर्टाची किंवा सरकारी नोटीस येते; त्यावर पोस्टमन तारीख टाकून जातो, उत्तराची मुदत तिथपासून मोजतात.

बाकी प्रवेशालाच ए२ याला माझाही विरोध. मला एपीएसचं प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं, २०२२ पासून आपल्याकडच्यांना सक्तीचं), आयल्ट्स, कर्ज, व्हिसाची तारीख या चौकडीनेच घाम फोडला होता.

नाशिकची_आई

मुलाचं यंदा चाललंय म्हणून वाचतेय. आम्हाला समुपदेशकाने (नाव नको) तीन गोष्टी सांगितल्या. जर्मनीत फी नाही, जर्मन लागत नाही, नोकरी नक्की. पहिली तरी खरी आहे का?

नेकारकाठी

ताई, अर्धी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राची दोन-तीनशे युरोंच्या आसपासची वर्गणी, त्यातच बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास येतो. पण आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून अशाच विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला चार ते सहा हजार लावलेत. आणि खाजगी विद्यापीठं हे वेगळंच प्रकरण, तिथे फी भरपूर. एजंट ज्या कॉलेजचं नाव फार प्रेमाने घेतो, त्याला तिथून कमिशन मिळतं का ते आधी विचारा.

दुसरी खोटी. तिसरी तर कोणीच सांगू शकत नाही.

डेल्फ्टचा_धोंडू

तुम्ही सगळे आपल्या पोरांच्या बाजूनेच बोलताय. यजमानाचं कोणी बघणार का?

इटलीत मिलानच्या पोलितेक्निकोने २०१२ मध्ये ठरवलं की मास्टर्स आणि पीएचडी सगळंच इंग्रजीत. तिथल्याच प्राध्यापकांनी कोर्टात नेलं. प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं, २०१७ मध्ये निकाल लागला: इंग्रजी कोर्स काढा, हरकत नाही, पण इटालियनला अख्ख्या विषयातून हद्दपार करता येणार नाही. इकडे नेदरलँड्समध्ये इंग्रजी पदवी अभ्यासक्रमांना लगाम घालायच्या कायद्यावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. डेन्मार्कने २०२१ मध्ये इंग्रजी कोर्सच्या जागाच कमी करायचं ठरवलं. शिकून मुलं निघून जातात, खर्च आमचा, हे एक दुखणं. दुसरं जास्त खोल आहे. प्राध्यापक मातृभाषेत विनोद करतो, आडवाटेला जातो, 'म्हणजे असं बघा' म्हणून तेच तिसऱ्यांदा वेगळ्या तऱ्हेने सांगतो. इंग्रजीत तोच माणूस स्लाइड वाचतो. आमच्याकडचे एक सर कॉफीच्या यंत्रापाशी डचमध्ये जे दहा मिनिटांत समजावतात ते दीड तासाच्या इंग्रजी व्याख्यानात येत नाही. मी स्वतः त्या यंत्रापाशी उभा राहून डच शिकलोय.

म्हणून मी नेकारकाठींच्याही पुढे जाऊन म्हणतो, पदवीचे कोर्स त्या त्या देशाच्या भाषेतच हवेत. मास्टर्सला इंग्रजी चालेल.

गणेशखिंड

धोंडूपंत, हाच न्याय इकडे लावू या? पुण्यात अफगाण, येमेनी, आफ्रिकेतली कितीतरी मुलं शिकतात. कोणत्या भाषेत? इंग्रजी. आपण कधी म्हटलं की मराठीचं प्रमाणपत्र आणा? माझ्याबरोबर एक येमेनी मुलगा होता. तीन वर्षं औंधमध्ये राहिला, हिंदी फर्डी बोलायचा, कारण रिक्षावाला, भाजीवाला, घरमालक, सगळे मराठी असून त्याच्याशी हिंदीत बोलायचे. एकदा त्याने अमृततुल्यवर "एक कटिंग द्या" म्हटलं तर चहावाला म्हणाला, "कितना, एक?"

जर्मन बेकरीवाली निदान जर्मनमध्ये वैतागली. आपण तर वैतागतसुद्धा नाही, लगेच भाषा बदलतो.

पेठेतले_अण्णा

हे मात्र खरं आहे. (सोलापूरबाई, मघाचं मागे घेतो. बोलण्याच्या ओघात गेलं.)

सोलापुरी_चादर

अण्णा, बाई नको, चादर चालेल :)

@नेकारकाठी, ऐच्छिक वर्ग आणि शून्य क्रेडिट, हे तुमचं शंभर टक्के मान्य. आमच्या वर्गात साठेक जण होते, त्या संध्याकाळच्या वर्गाला नोव्हेंबरात बारा उरले, जानेवारीत चार. अंधार चारला पडतो, थंडी, आणि शिकवणाऱ्या बाई 'टेलिफोनवर हॉटेल बुक करणे' शिकवतायत. आम्हाला हवं होतं ते प्रयोगशाळेतलं जर्मन, ऑफिसातलं जर्मन. कोर्समध्येच जर्मनला क्रेडिट द्या, दुसऱ्या वर्षी एक सेमिनार जर्मनमध्ये ठेवा, चुकलं तरी चालेल अशा हिशेबाने. याला मी सही करते. पण हे सगळं आत आल्यावर. दारात नको. दारात अट लावली की पुण्या-मुंबईची मुलं आत जातात आणि बार्शी, उदगीर, चंद्रपूर बाहेर राहतं. तुमच्या ऑफिसात आज जी मराठी मुलं आहेत त्यांची गावं विचारून बघा.

आणि व्हिसाचे नियमही हेच सांगतात: आधी या, मग शिका. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) कायम राहण्याचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. शिकलात तर सहा महिने आधी मिळेल. दंडुका नाही, आमिष आहे.

नेकारकाठी

आमिष तलावात उतरलेल्या माशाला. साताऱ्याचा मुलगा अजून काठावर आहे, त्याचे पाच महिने उरलेत.

तरी गावांचं म्हणालात ते डोक्यात राहिलं. आज जेवणाच्या सुट्टीत मोजलं. आमच्या विभागात मराठी सातजण. दोन पुण्याचे, बाकी इचलकरंजी, अकोला, जळगाव, लातूर आणि एक कणकवली. पाचही इंग्रजी कोर्सने आलेले. प्रवेशाला ए२ हे मागे घेतो. ए१ म्हणतो. ए१चा अभ्यास तर घरबसल्या ऑनलाइन होतो, वर्गासाठी पुण्याला यावं लागत नाही. डिग्रीसाठी बी१ यावरून मात्र हलणार नाही.

सोलापुरी_चादर

ए१वर विचार करता येईल. बी१वर डिग्री अडवणं अजूनही पटत नाही, थिसिस चांगला असून कोणाची डिग्री डेर-डी-डासवर अडकावी हे डोळ्यांपुढे येतं.

त्या मुलाला माझा नंबर द्या. आमच्याकडे टेस्टिंगमध्ये जागा आहेत, इंग्रजीवर निभावतं. त्याचा विषय काय?

नेकारकाठी

विषय एम्बेडेड. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. रविवारी परत येतोय पोह्यांना, या वेळी आमच्या घरात दारापासून जर्मनच बोलायचं असं त्याला बजावलंय. बायको म्हणते, मग पोहे कोण करणार ते आधी जर्मनमध्ये ठरवा.

नाशिकची_आई

मुलाला सगळा धागा वाचायला दिला. म्हणतो, आई, त्यांचंच अजून ठरलेलं नाही. पण एक विचारतोय: सप्टेंबरात निघायचंय, आता मे चालू आहे, रोज दोन तास दिले तर ए१ होईल का? आणि ऑनलाइन क्लास मराठीतून शिकवणारं कोणी आहे का? तो पंचविसाचा किस्सा वाचल्यापासून इंग्रजीतून शिकायचं नाही म्हणतोय.