हॉलो नाइट (व्हिडिओ गेम): पोगो (खाली वार करून उसळणं) चुकतो, मँटिस लॉर्ड्स या तीन बॉसपुढे गाडी अडली. नेमकं काय सुधारू?

खिळेठोक:
सध्याची परिस्थिती: मॉथविंग क्लोक (डॅश, म्हणजे झटक्यात आडवं सरकणं) आणि मँटिस क्लॉ (भिंतीला चिकटणं) मिळालंय. मास्क (जीव) ५, नेल (तलवार) मुळातलाच. चार्ममध्ये (अंगावर लावायच्या शक्तींमध्ये) वेवर्ड कंपास (नकाशावर आपली जागा दाखवतो) आणि गॅदरिंग स्वार्म (पैसे गोळा करतो). टीव्हीवर खेळतोय, ब्लूटूथ कंट्रोलर, हालचाल डाव्या स्टिकने.

तीन ठिकाणी अडतंय. काट्यांवरून पोगो करत जाताना दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला खाली पडतो. कधी कधी खाली वार न होता समोरच होतो. कडेवरून लांब उडी मारायला जावं तर अनेकदा उडी लागतच नाही, नाइट (माझं पात्र) सरळ खाली. आणि मँटिस लॉर्ड्स. पहिली एकटी असते तोवर ठीक, दोघी एकदम आल्या की फोकस (थांबून मास्क भरणं) करतानाच मार बसतो.

रिफ्लेक्स कमी पडतायत की सेटिंगचा घोळ आहे?

फ्रेममोज्या:
रिफ्लेक्सवर खापर फोडण्याआधी टीव्ही तपासा. कडेवरची उडी न लागणं हे टीव्हीवर चित्र उशिरा येण्याचं ठरलेलं लक्षण आहे.

हिशेब सोपा आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर (चित्रांवर) चालत असेल तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने चित्रावर स्वतःचे संस्कार करण्यात १०० मिलिसेकंद घालवले तर तुम्ही ६ फ्रेम जुनं चित्र बघून बटण दाबताय. पडद्यावर नाइट कडेवर दिसतो, गेमच्या लेखी तो केव्हाच कड सोडून गेलेला असतो. सेलेस्ट या दुसऱ्या गेममध्ये कड सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मंजूर होते, म्हणजे तीच ६ फ्रेम. ती सगळी सवलत असा टीव्ही एकटाच खाऊन टाकेल. हॉलो नाइटमध्ये तर अशा सवलतीच्या भरवशावर राहूच नका.

आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. कंट्रोलर केबलने जोडा. पीसी असेल तर व्हीसिंक (चित्र पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा. चित्र मधेच फाटल्यासारखं दिसेल, पण हाताला फरक जाणवतो का ते महत्त्वाचं. तरी शंका राहिली तर तोच सेव्ह साध्या मॉनिटरवर चालवा. तिथे कडेवरच्या उड्या लागायला लागल्या तर दोष तुमचा नव्हताच.

आता पोगो. समोर वार होतो कारण स्टिक सरळ खाली न जाता तिरकी जाते आणि गेम ती आडवी दिशा समजतो. डी-पॅडवर (दिशांच्या चार बटणांवर) या. पहिले काही तास अंगठा कुरकुरेल, पण खाली म्हणजे खालीच. क्रमही पाळा: आधी खाली दाबून धरायचं, मग वार, आणि वार सुटल्यावर डावी-उजवी. तिन्ही एकदम दाबायला गेलं की इथेच माशी शिंकते.

साखळी तुटते ती बहुतेक वेळा घाईने, उशिराने नाही. दोन वारांमध्ये ०.४१ सेकंद जावे लागतात. उसळीच्या माथ्यावरच बटण दाबलं तर नेल हवेत फिरतो, काट्यांपर्यंत पोचत नाही आणि खरंच पोचायची वेळ येते तेव्हा पुढचा वार तयार नसतो. नाइट खाली येऊ लागू दे, काट्यांची टोकं नेलच्या टप्प्यात येऊ देत, मग दाबा. साध्या उडीत बटण जितकं धरून ठेवाल तितकी उंची मिळते, पोगोच्या उसळीत मात्र उडीचं बटण धरून काही होत नाही. त्यामुळे ताल एकदा बसला की तो बदलत नाही. शिवाय प्रत्येक उसळीनंतर डॅश पुन्हा भरतो. अंतर कमी पडतंय असं दिसलं तर डॅश मारून निघा, आणखी एक उसळी ओढू नका.

सावलीताई:
वरचं सगळं मान्य. मी फक्त लॉर्ड्सबद्दल लिहिते.

तुमचा प्रश्न फोकस कधी करायचा एवढाच आहे. फोकसला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मार बसल्यावर अभेद्यता मिळते १.३ सेकंद, त्यातला काही वेळ धक्का खाण्यातच जातो. म्हणजे मार बसला की लगेच फोकस, हे गणित जेमतेम जमतं किंवा जमतच नाही. तो वेळ मोकळ्या जागी सरकायला वापरा.

दोघी असताना फोकस करूच नका. पहिली हरली की ती सिंहासनावर परत जाते आणि बाकीच्या दोघी उठतात. ही मधली उसंत तुमची. तिथे फोकस करायचा तर सोल (वार करून मिळणारी ऊर्जा) आधीच साठवून ठेवलेला हवा. एका फोकसला ३३ सोल, नेलच्या एका वाराला ११ मिळतो, म्हणजे तीन वारांमागे एक मास्क. सोलचं भांडं ९९ चं, म्हणून पूर्ण भरलं तर तीन मास्क. दोघींपैकी एक पडली की पुन्हा एकीशीच लढत राहते, तेव्हा परत संधी मिळते.

आणि हो, मेल्यावर आधी शेड (मागे उरणारी तुमची सावली) मारा, मग आत जा. शेड परत मिळेपर्यंत सोल ६६ वरच थांबतो. तीनऐवजी दोनच मास्क भरता येतील.

हल्ले तीनच आहेत. जमिनीलगत आडवी झेप: उडी मारून वरून खाली वार, म्हणजे इथेही पोगोच. वरून सूर: तुमच्या डोक्यावर दिसली की बाजूला डॅश, ती जमिनीत रुतली की एक वार. भिंतीवरून फेक: अस्त्र वळून परत येतं, जातानाचं चुकवलं म्हणून हुश्श करू नका. एका संधीला एकच वार. दुसऱ्या वाराची हाव हेच इथल्या निम्म्या मरणांचं कारण असतं.

चार्म: लढाईआधी बाकावर बसून कंपास आणि स्वार्म काढा, इथे दोन्हीचा काडीचा उपयोग नाही. चार्म विकणाऱ्या सालुब्राकडून क्विक फोकस (फोकस लवकर होतो) घ्या. ८०० जिओ (गेममधले पैसे) आणि तीन नॉच (चार्म लावायच्या जागा) लागतील, पण तुमची अडचणच फोकसची आहे.

जुनाखेळ्या:
क्विक फोकसबाबत असहमत. तीनच नॉच असताना तिन्ही त्याला देणं महागाचं. ३०० जिओचा लाँगनेल, दोन नॉच. १२० चा स्टेडी बॉडी, एक नॉच. लाँगनेलने खालचा वारही लांबतो, म्हणजे पोगोलाही मदत. स्टेडी बॉडीने समोर वार केल्यावर मागे रेटलं जाणं थांबतं. पोगोत त्याचा उपयोग नाही.

पण चार्मच्या आधी नेल. सिटी ऑफ टिअर्समधल्या नेलस्मिथकडे पहिली धार २५० जिओत होते, पेल ओअर हे दुर्मिळ खनिज लागत नाही. ५ चा वार ९ चा होतो. दहा वारांचं काम सहात. लढाई लहान झाली की चुकायच्या जागाही कमी होतात. कोणी कौशल्याच्या गप्पा मारून मुळातल्याच नेलने लढायला सांगत असेल तर खुशाल दुर्लक्ष करा.

सरावासाठी एक सांगतो. आत जा आणि वार करूच नका, फक्त चुकवा. नजर नाइटवर नाही, लॉर्डवर. तिन्ही हल्ल्यांआधीची तिची मुद्रा वेगळी असते. ती ओळखून पाय आपोआप हलायला लागले की मगच नेल काढा.

खिळेठोक:
धन्यवाद मंडळी. शेवटची शंका: झेपेतून डॅशने आरपार जाता येतं ना? आणि सोल उरला तर व्हेंजफुल स्पिरिट (दूर फेकायचा मंत्र) मारावं का?

सावलीताई:
आरपार नाही. मॉथविंग क्लोकच्या डॅशमध्ये अभेद्यता नसते, ती शेड क्लोक (पुढचा सुधारित क्लोक) मिळाल्यावर.

स्पिरिटलाही ३३ सोलच लागतो आणि इजा १५. मुळातल्या नेलचे तीन वार झाले, धार लावलेल्या नेलचे दोनही नाहीत. मास्क पूर्ण असतील आणि ती भिंतीवर नेलच्या टप्प्याबाहेर असेल तेव्हा मारा, एरवी सोल ठेवून द्या.