भाच्याला गाडीच्या टायटलवर पैसे उचलायचे आहेत (जॉर्जिया) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा भाचा इथे जॉर्जियात एका डिव्हिजन १ (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) युनिव्हर्सिटीत शिकतो, कॉलेजच्या टेनिस टीममध्ये खेळतो. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा आहे. स्कॉलरशिप अर्धीच. उन्हाळ्यात डॉर्म रिकामा करावा लागणार, म्हणून बाहेर एक खोली बघितली आहे. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून १८०० डॉलर हवेत आणि तेवढे त्याच्याकडे नाहीत. एक जुनी कोरोला आहे, पूर्ण फेडलेली, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्याच्याच नावावर. टायटल ठेवून घेऊन पैसे देणाऱ्या एका दुकानात तो जाऊन आला आणि तिथल्या कागदाचा फोटो मला पाठवला. सही शुक्रवारी करणार म्हणतो.

कागदावर लिहिलंय: उचल १८०० डॉलर, ३० दिवसांचं शुल्क ४५० डॉलर, एकूण परतफेड २२५० डॉलर, वार्षिक दर ३०४.१७ टक्के. हा दर बघून माझ्या पोटात गोळा आला. त्याला विचारलं तर म्हणतो, "मावशी, तो वर्षाचा आकडा आहे गं. मी महिन्यात सोडवणार."

महिन्यात कसा सोडवणार, तर गावातलं एक जिम त्याला इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकायचे पैसे देणार आहे. एनआयएल, म्हणजे खेळाडूंनी स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमवायचं. कुठल्या क्वार्टरबॅकची किंमत किती मिलियन झाली, कोण कुठल्या कॉलेजातून कुठे गेला, टेलर स्विफ्ट आणि ट्रॅव्हिस केल्सीचं काय चाललंय, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. हौस म्हणून माझी काही हरकत नाही, मीही त्याच्याबरोबर बसून बघते. पण त्या बातम्या वाचून "कॉलेजात खेळणारे सगळेच कमावतायत, माझंही होईल" असं त्याने मनाशी पक्कं धरलंय. त्याची मला जास्त काळजी वाटते.

आणखी एक. मॅच बघायला नेहमी येणारे एक गृहस्थ आहेत, टीमला देणगीही देतात. ते म्हणाले, "मी देतो उसने, सावकाश परत कर." दुकानापेक्षा हे बरं की यातही काही गोम आहे?

आमच्या घरात सध्या एकच पगार चालू आहे, त्यामुळे सगळी रक्कम देणं जमणार नाही, पण निम्मी नक्की देऊ शकते. तो घ्यायला तयार नाही. "आधीच खूप घेतलंय तुमच्याकडून," म्हणतो, आणि ताईला कळू देऊ नकोस अशी गळ घालतो. पोर गुणी आहे, पहाटे पाचला उठून प्रॅक्टिसला जातं. हे दुकान त्याला कितीला पडेल, दुसरी वाट कुठली, आणि एनआयएलचे पैसे त्याच्या व्हिसावर चालतात का? माहीतगारांनी कृपया सांगा. शुक्रवार जवळ आलाय.

गुळगुळीत रस्ता

आधी हिशेब करू, कारण त्या दुकानात तो कोणी करून देत नाही.

जॉर्जियात याला कायद्याने कर्ज म्हणत नाहीत, टायटल पॉन म्हणतात, म्हणजे गहाण. त्यामुळे कर्जाच्या व्याजाला असलेली मर्यादा याला लागू होत नाही. पहिले ९० दिवस दर ३० दिवसांना २५ टक्क्यांपर्यंत घेता येतात, त्यानंतर १२.५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमच्या कागदावरचे ४५० कायद्यात बसतात. महिना संपला आणि २२५० हातात नसले, तर दुकानदार गोड बोलून सांगतो, फक्त शुल्क भरा आणि पुढचा महिना घ्या. असे तीन महिने गेले की १३५० डॉलर भरून झालेले असतात आणि मूळ १८०० मधला एक डॉलरही कमी झालेला नसतो. पुढचे तीन महिने दर निम्मा, दरमहा २२५. सहा महिन्यांत एकूण २०२५ डॉलर दिले, तरी गाडी सोडवायला १८०० उभेच.

आता गाडी गेली तर काय, ते बघा. बहुतेक राज्यांत जप्त केलेली गाडी विकून कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरची रक्कम मालकाला परत द्यावी लागते. जॉर्जियात पॉनच्या व्यवहारात तसं बंधन नाही. गाडी सहा-सात हजारांची असेल तर १८०० साठी ती सगळीच जाते. मला या धंद्यातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी असलेल्या सीएफपीबी या केंद्रीय संस्थेने २०१६ मध्ये अशा एकरकमी टायटल कर्जांचा अभ्यास केला होता. पाच कर्जदारांमागे एकाची गाडी जप्त झाली होती, आणि पाचपैकी चारांहून जास्त कर्जं मुदतीच्या दिवशीच पुढे ढकलली गेली होती. "महिन्यात सोडवणार" असं बहुतेक सगळेच ठरवून जातात. त्यात तुमच्या भाच्याचा दोष नाही, तो व्यवहारच तसा बेतलेला आहे.

दुसरी वाट क्रेडिट युनियनची, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेची. फेडरल क्रेडिट युनियनमध्ये पेडे (पगार होईपर्यंतच्या महाग) कर्जांना पर्याय म्हणून पेडे अल्टरनेटिव्ह लोन नावाचा प्रकार असतो. व्याज जास्तीत जास्त २८ टक्के, अर्जाचं शुल्क जास्तीत जास्त २० डॉलर. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात २००० डॉलरपर्यंत आणि बारा महिन्यांपर्यंत मिळतं, आणि सभासद झाल्याझाल्या अर्ज करता येतो. सगळ्याच क्रेडिट युनियन हे देत नाहीत, फोन करून विचारावं लागतं. १८०० डॉलर वर्षभरासाठी २८ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १७४ च्या आसपास येतो आणि पूर्ण वर्षाचं व्याज साधारण २८५ डॉलर. त्या दुकानाचं एका महिन्याचं शुल्क याहून जास्त आहे.

तुम्ही निम्मे दिलेत तर कर्ज ९०० चंच उरतं.

धागाकर्ती

खूप आभार. वर्षाचं २८५ आणि महिन्याचं ४५० हे शेजारी शेजारी लिहून त्याला पाठवलं. "बघतो" असं उत्तर आलंय. इतके दिवस "ठरलंय" म्हणत होता.

लेकव्ह्यू

आमच्या इलिनॉयमध्ये २०२१ पासून सगळ्या फीसकट ३६ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे हा धंदा इथे राहिलाच नाही. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. कोणी मित्र "मी घेतलं होतं, काही झालं नाही" म्हणाला तर कुठल्या राज्यात घेतलं होतं, ते आधी विचारा.

बेसलाइन

माझी मुलगी डिव्हिजन १ मध्ये चार वर्षं खेळली, म्हणून खेळाच्या आणि व्हिसाच्या बाजूचं लिहितो. पैशांइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

त्या देणगीदार गृहस्थांकडून एक डॉलरही घेऊ नका. टीमला देणगी देणाऱ्याला एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेच्या, भाषेत बूस्टर म्हणतात. एनआयएल आल्यापासून बूस्टर खऱ्या जाहिरातीचे किंवा कामाचे पैसे देऊ शकतात, पण खेळाडू म्हणून ओळख झाली आणि हातउसने दिले, हे आजही नियमबाह्य ठरू शकतं. मुलाची खेळायची पात्रता धोक्यात येते. बाहेरच्या लोकांनी केलेल्या मदतीपायीच रेजी बुश या फुटबॉलपटूला हाइजमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार, २०१० मध्ये सोडावी लागली होती, ती २०२४ मध्ये परत मिळाली. तो केवढा मोठा खेळाडू होता, तरी मधली १४ वर्षं गेलीच. तुम्ही मात्र सख्खी मावशी आहात, तुमचं नातं खेळामुळे जुळलेलं नाही. तुम्ही खुशाल द्या.

आता एनआयएल. १ जुलै २०२१ पासून एनसीएएची त्याला परवानगी आहे. अडचण व्हिसाची आहे. एफ-१ वर असताना अमेरिकेत राहून जिमसाठी पोस्ट टाकून पैसे घेणं हे परवानगीशिवाय केलेलं काम धरलं जाऊ शकतं, आणि तसं झालं तर स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून इथे राहायचा हक्क, जातो. एनसीएए हो म्हणते म्हणून इमिग्रेशन हो म्हणत नाही. पैसे घेऊन टेनिस शिकवण्याचंही तेच. उन्हाळ्यातल्या टेनिस कॅम्पबद्दल तर खास सावध राहा. कॅम्प युनिव्हर्सिटीच्या कोर्टवर असतो, पण पुष्कळदा तो कोचच्या खासगी कंपनीचा असतो. मग तो 'ऑन-कॅम्पस' नोकरीत बसेलच असं नाही. सही करण्याआधी डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी विचारायचं. हे अजिबात टाळू नका.

कॅम्पसवर काम करायची मुभा त्याला आहेच. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ, फक्त पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवणार असला पाहिजे. लायब्ररी, जिम, आयटी डेस्क, जिथे मिळेल तिथे आत्ताच अर्ज टाकायला सांगा. उन्हाळ्याच्या जागा लवकर भरतात.

शिवाय त्याने अजून स्वतःच्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटचं दार ठोठावलेलं दिसत नाही. डिव्हिजन १ मध्ये अडचणीत सापडलेल्या खेळाडूंसाठी स्टुडंट असिस्टन्स फंड असतो, परदेशी मुलांनाही त्यातून मदत मिळू शकते. उन्हाळ्यात एखादा कोर्स घेतला तर समर एड मिळण्याची शक्यता असते. आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या अ‍ॅल्स्टन निकालानंतर अभ्यासातल्या कामगिरीसाठी वर्षाला ५९८० डॉलरपर्यंत देण्याची कॉलेजांना मोकळीक आहे. सगळी देत नाहीत, पण विचारल्याशिवाय कळणार कसं? मुलं कोचसमोर पैशाचा विषय काढायला लाजतात. कोचकडे नको असेल तर कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडूंचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला) ईमेल करावा, रोज असे प्रश्न सोडवणं हेच त्यांचं काम आहे.

सेकंड सर्व्ह

थोडं अवांतर, पण मुळाशी तेच आहे असं वाटतं म्हणून लिहिते. बातमीत येणारं 'एनआयएल व्हॅल्युएशन' हा कोणीतरी बांधलेला अंदाज असतो, खात्यात जमा झालेली रक्कम नव्हे. शेडूर सँडर्स या क्वार्टरबॅकचं मूल्य कॉलेजात असताना मिलियनमध्ये सांगत होते. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल संघांच्या खेळाडू-निवडीत, त्याचं नाव थेट १४४ व्या क्रमांकाला आलं. केटलिन क्लार्क कॉलेज बास्केटबॉलमधली सगळ्यात मोठी स्टार, तरी डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. तिचा खरा पैसा जाहिरातींचा, आणि तशी केटलिन क्लार्क एकच असते. २०२५ च्या जूनमधल्या हाउस सेटलमेंटनंतर (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली तडजोड) कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी एका कॉलेजाला साधारण २०.५ मिलियनची मर्यादा. पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. टेनिसपर्यंत फार थोडं पोचतं.

मुलांना हे पैसे मिळू लागले याचा मला मनापासून आनंद आहे, ते फार पूर्वीच मिळायला हवे होते. पण बातमी एकाची येते आणि ती वाचून हिशेब हजारो मुलं मांडतात.

गुळगुळीत रस्ता

चेहऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, माँटेल विल्यम्स हा टीव्हीवरचा केवढा विश्वासाचा माणूस. तो पेडे कर्जं मिळवून देणाऱ्या कंपनीची जाहिरात करायचा. न्यूयॉर्कच्या वित्तीय विभागाने २०१५ मध्ये त्या कंपनीला २१ लाख डॉलर दंड केला आणि न्यूयॉर्कच्या लोकांसाठी ती जाहिरात थांबवायला त्याने मान्यता दिली. ती टायटलची कर्जं नव्हती, पण जात तीच. ओळखीचा चेहरा दिसला तरी वार्षिक दर वाचायचाच.

पारावरचा

भाच्याने सोमदेव देववर्मनबद्दल वाचलं असेलच. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून २००७ आणि २००८, लागोपाठ दोन वर्षं एनसीएए एकेरीचा विजेता. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये जिंकला. आपल्याकडून येऊन या व्यवस्थेत टिकलेली ही मुलं आहेत. त्याला बातम्या आवडतात ना, मग याही दाखवा.

आणि ताईंना कळवायचं की नाही हे त्याच्यावर सोडा, पण तुमचे ९०० 'मदत' म्हणून देऊ नका. रीतसर उसने द्या, दरमहा किती परत करायचे ते दोघांनी मिळून ठरवा. स्वाभिमानी मुलं असे पैसे घेतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर बराच वेळ बोललो. देणगीदार गृहस्थांना त्याने नम्रपणे नको म्हणून कळवलं. जिमचं प्रकरण डीएसओला विचारेपर्यंत थांबवलंय, त्यावर तो नाराज आहे, ते मी समजू शकते. ९०० माझ्याकडून उसने घ्यायला तयार झाला, महिन्याला ७५ परत करणार. कंप्लायन्स ऑफिसला ईमेल गेलाय. उरलेल्या ९०० साठी युनिव्हर्सिटीजवळच्या क्रेडिट युनियनमध्ये उद्या जाणार आहे. सोबत काय काय न्यायला सांगू? मी को-साइन, म्हणजे जामीन म्हणून सही, करावी का?

गुळगुळीत रस्ता

पासपोर्ट, आय-२० (युनिव्हर्सिटीने दिलेला व्हिसासाठीचा फॉर्म), सोशल सिक्युरिटी नंबर (कॅम्पसवर काम केलं असेल तर असेलच), पत्त्याचा पुरावा, कॅम्पसवरच्या नोकरीच्या पगाराच्या स्लिपा किंवा ऑफर लेटर. को-साइन लगेच करू नका. आधी एकट्याच्या नावावर मिळतंय का ते विचारू दे, कारण त्याचा एक हप्ता चुकला तरी डाग तुमच्या क्रेडिटवरही पडतो. नाहीच मिळालं तर घरमालकाला डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्याल का, असं विचारायला लावा. आणि गाडीचं मूळ टायटल घरीच राहू दे, या कर्जासाठी ते लागत नाही.