कागदपत्रांपलीकडचे रोंगेलाप
अणुचाचण्यांविषयीची सरकारी कागदपत्रे खुली झाल्यावर पीडितांच्या मौखिक साक्षींची फारशी गरज उरत नाही, हे काहींचे मत मला पटत नाही. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनीवर अमेरिकेने केलेल्या सुमारे १५ मेगाटनांच्या 'कॅसल ब्राव्हो' या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर जवळच्या रोंगेलाप बेटांवरील रहिवाशांना दोन दिवसांनी हलवले आणि १९५७ मध्ये परत नेले, एवढे कागद सांगतात. परंतु आकाशातून पडलेल्या पांढऱ्या किरणोत्सारी भुकटीत मुले खेळली, आणि पुढे कित्येक स्त्रियांना आकारहीन अर्भके झाली, हे त्यांच्याच तोंडून कळते. म्हणून या साक्षींचे ध्वनिमुद्रण आधी त्यांच्या मार्शलीज भाषेतच व्हावे, आणि (हे माझे मत) स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे. परक्या दुभाष्यासमोर अशा आठवणी ओठांवर येत नाहीत.